दोराला हात, घरात वाटा : परदेशातील नव्या घरी गेलेल्या एका मुलाचे प्रकरण

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एका गावातून वयाच्या चौदाव्या वर्षी दुबईतील संपन्न मराठी कुटुंबात राहायला गेलेल्या मुलाचे हे प्रकरण आहे. त्याच्या आईने दुसरे लग्न केले आणि त्या लग्नामुळे ते कुटुंब त्याचेही झाले. एप्रिल २०२३ मध्ये तो तिकडे गेला, जुलैच्या सुटीत गावी आला आणि ऑगस्टअखेर परत निघायची वेळ आली तेव्हा त्याने जायला साफ नकार दिला. समजावून, रागावून, आमिषे दाखवून झाल्यावर काका त्याला माझ्याकडे घेऊन आले. मी या भागातील शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते. मुलगा, त्याची आई आणि नवे वडील या तिघांच्या संमतीने हे लिहीत आहे. गाव, शाळा आणि व्यवसाय यांचे तपशील बदललेले किंवा गाळलेले आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही.

नकाराची कारणे प्रत्येकाने आपापल्या परीने लावली होती. काकांच्या मते पोराला तिकडचे अन्नपाणी मानवत नव्हते, कारण तीन महिन्यांत तो चांगलाच वाळला होता. आईला खात्री होती की पहिल्या सासरच्या माणसांनी त्याचे कान भरले आहेत. नव्या वडिलांना वाटत होते की मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मुलगा खचला. शाळेचा भाग खरा होता. दहावीच्या निकालात राज्यात दरवर्षी वरचढ ठरणाऱ्या कोकण विभागात, आपल्या वर्गात पहिल्या तिनांत राहणारा हा मुलगा, नवव्या इयत्तेत सीबीएसईच्या शाळेत गेल्यावर वर्गात शेवटच्या काही मुलांत गणला जाऊ लागला. त्यातच तेथील खासगी शाळांत परकीय मुलांनाही अरबी शिकावी लागते आणि वर्गातली बाकीची मुले ती कैक वर्षे शिकत आलेली होती. तरीही मुलाशी बोलताना शाळेचा विषय निघाला की तो मोकळेपणाने बोले. तो गप्प व्हायचा तो घराविषयी विचारले की.

पार्श्वभूमी

मुलाचे वडील मासेमारी नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख होते. मुलगा तीन वर्षांचा असताना वादळात नौका बुडाली. दोन खलाशी पोहत किनाऱ्याला लागले, वडील सापडले नाहीत. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून विम्याचे पैसे नाहीत आणि वारस नोंदही नाही, अशा अवस्थेत हे घर वर्षानुवर्षे राहिले. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही त्याला कायद्याने मृत मानता येते. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १०८ च्या आधारे आईने न्यायालयाकडून तसा निर्णय मिळवला, तोवर मुलगा अकरा वर्षांचा झाला होता. आजीने मात्र हा निर्णय मनाने कधी स्वीकारला नाही. दर नारळी पौर्णिमेला ती दर्याला नारळ देते तो आपल्या हरवलेल्या मुलाच्या नावाने, आणि तो गेला असे ती आजही म्हणत नाही.

कुटुंबातील माणूस धड गेला असेही नाही आणि आहे असेही नाही, अशा स्थितीतील दुःखाचा अभ्यास अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून केला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांच्या कामाला सुरुवात झाली. अशा घरांत दुःखाला शेवट मिळत नाही आणि माणसे गोठल्यासारखी होतात, हे त्यांचे निरीक्षण आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांना लागू पडते, आणि तरीही बोटीवरून न परतलेल्या माणसांच्या मुलांकडे या दृष्टीने पाहण्याची व्यवस्था आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही, याची मला तीव्र खंत आहे.

मुलगा सहा वर्षांचा असताना आई दुबईत एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम करायला गेली आणि मुलगा आजी व काका-काकूंकडे राहिला. आपल्याकडे ही गोष्ट इतकी सरावाची आहे की तिला कोणी ताटातूट म्हणत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ इतकी खाली आली. कमावती माणसे मुंबईला, गोव्याला किंवा आखातात आणि मुले आजी-आजोबांपाशी, हा इथला जुना रिवाज आहे. त्यात वाढलेली बहुतेक मुले सुखाने वाढतात, कारण आजीच्या घरात त्यांना प्रेमाबरोबर कामही असते.

या मुलालाही ते होते, आणि प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. गावात अजून रापण लागते. पहाटे होडीतून जाळे समुद्रात टाकून त्याची दोन टोके किनाऱ्यावर आणतात आणि मग वाडीतली माणसे दोन्ही बाजूंनी दोर ओढत जाळे वाळूवर घेतात. मिळालेल्या म्हावऱ्याचे वाटे पडतात. जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा काही ना काही वाटा असतो. हा मुलगा दहाव्या वर्षापासून शाळेआधी रापणीला जात असे आणि पेडवे असोत की बांगडे, आपला वाटा कमरेच्या पंचात बांधून घरी आणत असे. त्या दिवशीचे कालवण त्याच्या वाट्याचे असे, हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. याशिवाय आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळच्या वेळी देणे, तिला बँकेत नेऊन श्रावणबाळ या वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे काढून आणणे, गाय सोडणे-बांधणे आणि चतुर्थीला माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना काकांच्या हाताखाली राहणे, ही सगळी त्याची कामे होती. तो त्या घरातला लहान कर्ता पुरुषच होता म्हणा ना.

नवे घर

नवे वडील मूळचे पुण्याचे, दुबईत शीतगृहांचा व्यवसाय असलेले, स्वभावाने सज्जन आणि मुलाविषयी मनापासून कळकळ असलेले गृहस्थ आहेत. हे स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण सावत्र बाप आणि पैसेवाले घर एवढे ऐकल्यावर आपण लगेच खलनायक शोधू लागतो. त्यांना पहिल्या लग्नापासून सोळा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे. त्यांनी या मुलासाठी स्वतंत्र खोली तयार करून घेतली, नवे कपडे, लॅपटॉप, सायकल घेतली आणि शाळेला नेण्या-आणण्यासाठी गाडीची सोय केली. त्याने कसलेही काम करू नये, फक्त अभ्यास करावा आणि मजेत राहावे, अशी त्यांची आणि त्याहून अधिक आईची इच्छा होती.

पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर तो आपले ताट उचलून मोरीकडे निघाला. घरात मोरी नव्हती. स्वयंपाकघरात कामाला असलेल्या बाईंनी त्याच्या हातातून ताट काढून घेतले आणि आई म्हणाली, "राहू दे बाळा, ते तुझं काम नाही आता." हे वाक्य त्याने मला शब्दशः सांगितले, आणि सांगताना त्याचा आवाज एखाद्याने दिलेली शिक्षा सांगावी तसा झाला होता. खोलीतले वातानुकूलन त्याला बाधे म्हणून तो गादीवर न झोपता खाली चादर अंथरून झोपत असे आणि सकाळी कोणी पाहू नये म्हणून चादर घडी करून कपाटात ठेवत असे. नव्या वडिलांना हाक कशी मारायची हे त्याला उमगत नव्हते. ती दोन मुले त्यांना डॅड म्हणत, त्यानेही तसेच म्हणावे असे सुचवले गेले होते, आणि त्याच्या तोंडून ते निघेना. त्यामुळे काही विचारायचे असले की तो त्यांच्या जवळ जाऊन त्यांचे लक्ष जाईपर्यंत उभा राही.

घरातली भाषा इंग्रजी आणि पुणेरी मराठी अशी मिसळलेली होती. त्याने एकदा "मी जातंय" म्हटले तेव्हा धाकटा मुलगा हसला. हसण्यात खोड नव्हती, पण त्यानंतर तो मालवणी फक्त फोनवर बोलू लागला, आणि तेही सोपे राहिले नव्हते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून संदेश जातात, कॉल लागत नाहीत. परवानगी असलेली बोटीमसारखी वेगळी अॅप वापरावी लागतात. काकांच्या फोनवर ते अॅप कोणी घालून देईपर्यंत पहिले काही आठवडे आजी आणि नातू केवळ ध्वनिसंदेशांवर होते. आजी बोलायची, "जेवलंस मां रे? गाय व्याली, पाडो झालो," आणि हा रात्री ते पुन्हा पुन्हा ऐकायचा. उत्तरात काय बोलावे हे त्याला सुचत नसे, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखे, त्याने स्वतः केलेले असे, दिवसभरात काहीच घडत नव्हते.

गावी आल्यावर त्याचे दुखणे कमी व्हायला हवे होते, आणि तसे झाले नाही. तेथील शाळांची सुटी जुलै-ऑगस्टमध्ये असते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि उधाणाच्या दर्यात रापणही लागत नाही. ज्या गावात त्याला कामामुळे ओळखत होते त्या गावात तो आला तेव्हा सगळी कामे थांबलेली होती. वाडीतली मुले शाळेत होती. काकूने "दुबयवालो इलो" म्हणून त्याला पाटावर बसवून वाढले. म्हणजे इथेही तो पाहुणाच झाला.

पैशांची गोष्ट

त्याच सुटीत एके दिवशी त्याने आजीच्या हातात एक लिफाफा दिला. त्यात नऊशे दिरहम होते. आजी घाबरली. "ह्ये पैसे खंयसून हाडलंस?" असे तिने दहादा विचारले, आणि त्याचे उत्तर एकच होते, की ते त्याच्या जेवणाचे पैसे आहेत. काकांना चोरीची शंका आली, त्यांनी आईला फोन केला, आईने नवऱ्याला सांगितले आणि दोन्ही घरांत एकच गोंधळ उडाला.

खरी हकीकत अशी होती की शाळेतल्या उपाहारगृहासाठी आणि वरखर्चासाठी त्याला रोज जे पैसे मिळत ते तो खर्चत नसे. दुपारी उपाशी राही आणि घरी आल्यावर भूक नाही म्हणून सांगे, कारण घरी जास्त खाल्ले तर दुपारचे काय झाले असे विचारले जाईल अशी त्याला भीती होती. अन्न मानवत नाही या समजुतीचे मूळ हे होते. मी त्याला कारण विचारले तेव्हा त्याने वहीच्या मागच्या पानावर केलेला हिशेब दाखवला. आजीला श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिरहमचा भाव साडेबावीस रुपयांच्या आसपास धरून त्याने ते सहासष्ट दिरहम काढले होते. त्याखाली एका शुक्रवारी रात्री सगळे बाहेर जेवायला गेले त्या बिलाचा आकडा लिहिला होता, आणि त्या बिलात आजीचे किती महिने बसतात तो भागाकार केला होता. पुढे काही लिहिले नव्हते.

हा हिशेब पाहून मला सर्वाधिक महत्त्वाची वाटलेली बाब अशी, की त्यात नव्या घराविषयी राग नव्हता. आजीच्या वाटणीचे आपण खात आहोत अशी टोचणी मात्र होती. रापणीत दोराला हात न लावता वाटा घेऊन जाणाऱ्याला गावात काय म्हणतात हे त्याने लहानपणापासून ऐकले होते. नव्या घरात त्याला सगळे काही मिळत होते आणि कशातही त्याचा हात नव्हता, त्यामुळे मिळालेली प्रत्येक वस्तू त्याला फुकटची वाटत होती. उपाशी राहून पैसे साठवणे हे त्या घरात त्याने स्वतःसाठी शोधलेले एकमेव काम होते.

माझ्या समजुतीप्रमाणे श्रीमंत घरात गेलेल्या मुलाच्या अडचणीचा गाभा इथे आहे. आपण सहसा असे धरून चालतो की गरिबीतून आलेल्या मुलाला चमचे-काटे वापरता येत नाहीत, इंग्रजी येत नाही, लाज वाटते, आणि ते शिकवले की झाले. त्या गोष्टी खरोखर लवकर शिकता येतात. परंतु बारा-चौदा वर्षांचे मूल घरात स्वतःची जागा ओळखते ती आपल्यावाचून काय अडते यावरून. ज्या घरात त्याच्यावाचून काहीच अडत नाही त्या घरात ते कितीही लाडाचे असले तरी पाहुणेच राहते, आणि पाहुण्याला घरी जायचे असतेच.

आईचा प्रश्न याहून अवघड होता. आठ वर्षे तिने मुलाला सुटीपुरते पाहिले होते. आता तिच्या हाती पैसा आणि वेळ दोन्ही आल्यावर ती त्या आठ वर्षांची भरपाई करू पाहत होती, आणि प्रत्येक नव्या वस्तूवर मुलगा नुसते "बरं" म्हणाला की तिला तो आपल्याला नाकारतो आहे असे वाटे. त्यातच नवऱ्याच्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून ती त्यांच्यापुढे मुलाशी जरा तुटक वागे. तिच्याशी झालेल्या संभाषणांत मी मुलापेक्षा तिच्याविषयी अधिक चिंतेत होते. मुलाला आजी होती. तिला, एकदा मुलगा सोडून गेली आणि मग दुसरे लग्न केले म्हणून, माहेरी आणि पहिल्या सासरी दोन्हीकडे बोलच लागलेले होते.

काय केले

पहिली गोष्ट पैशांची. चोरीचा विषय बंद करून नव्या वडिलांनी त्याच्याशी दूरचित्रसंवादावर थेट बोलावे असे मी सुचवले. त्यांनी त्याला विचारले की आजीला दर महिन्याला किती पाठवावेत असे तुला वाटते. मुलाने बराच विचार करून तीन हजार रुपये सांगितले. त्यांना यापेक्षा कितीतरी जास्त देणे सहज शक्य होते, आणि ते तसे म्हणणारही होते, परंतु त्यांनी आकडा वाढवला नाही. त्यांचा हा समंजसपणा पुढच्या सगळ्या कामाला उपयोगी पडला. तेव्हापासून दर महिन्याला मुलगा आईबरोबर जाऊन आजीच्या खात्यात पैसे भरतो, पावती त्याच्याकडे राहते. दुपारी जेवायचे ही त्या बोलण्यातली एकमेव अट होती.

दुसरी गोष्ट घरकामाची होती आणि ती वाटली तितकी सोपी नव्हती. कामाला बाई असताना मुलाला भांडी घासायला लावणे म्हणजे त्याला नोकर करणे, असे आईला वाटले, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरही होते. केवळ दाखवण्यापुरते काम दिले असते तर मुलानेही ते ओळखले असते. त्याच्यावाचून अडेल असे काम शोधायचे होते, आणि ते योगायोगाने सापडले. दुबईत देरा भागात २०१७ मध्ये वॉटरफ्रंट मार्केट सुरू झाले, जुना मासळीबाजार तिथे हलवला गेला. सप्टेंबरमध्ये एका सकाळी नवे वडील त्याला तिथे घेऊन गेले. एका विक्रेत्याने सुरमई, जिला तिकडे कनाद म्हणतात, पुढे केली. मुलाने गालफड उचलून आतला रंग पाहिला, पोटावर अंगठा दाबला, तो खळगा भरून येतो का ते पाहिले आणि हळूच म्हणाला, "ही कालची आसा." नव्या वडिलांनी तो मासा ठेवला आणि मुलाने दाखवलेला दुसरा घेतला. इतकी वर्षे शीतगृहात मासळी साठवणाऱ्या त्या माणसाने त्याला तिथेच विचारले की अंगठा दाबून नेमके काय कळते, आणि मुलाने उभ्या बाजारात ते समजावून सांगितले. त्या घरातले त्याचे हे पहिले लांब बोलणे. त्यानंतर घरातली मासळी तोच आणतो, आणि दर शनिवारचे कालवण काय असेल ते तो ठरवतो. पुढे काही महिन्यांनी शीतगृहात माल उतरत असताना तो वडिलांबरोबर तपासणीलाही जाऊ लागला.

भावंडांच्या बाबतीत मी फारसे काही केले नाही. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःची आई दुरावल्याचे दुःख होते आणि तिचा राग नव्या आईवर होता, या मुलावर नव्हता. तिने त्याचे इंग्रजी सुधारायचे मनावर घेतले आणि त्याने धाकट्याला पोहायला शिकवले. मालवणीला हसणारा धाकटा आता "खंय चललंस" असे विचारतो.

आडनाव आणि दत्तक

सगळ्यात नाजूक प्रसंग डिसेंबरमध्ये आला. शाळेच्या कागदपत्रांत आणि निवासाच्या परवान्यात दरवेळी वेगळे आडनाव समजावून सांगावे लागते म्हणून, आणि मुलाला परकेपणा वाटू नये या चांगल्या हेतूने, नव्या वडिलांनी त्याला कायदेशीर दत्तक घेऊन आपले आडनाव देण्याचा विचार मांडला. हे गावी कळल्यावर आजीने दोन दिवस अन्न घेतले नाही. तिला दोन भये होती. एक म्हणजे नातवाचे नाव घराच्या आणि जमिनीच्या कागदावरून निघेल. दुसरे तिने उच्चारले नाही, पण ते सगळ्यांना समजत होते. नातवाने बापाचे नाव टाकले की बाप गेला हे तिला मान्य करावे लागणार होते. काकांच्या मनात आणखी तिसरीच शंका होती, की भावजय आता वाटणी मागेल.

इथे भावनेइतकीच कायद्याची माहिती कामी आली. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत आजी, आई आणि मुलगा हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि दत्तक जाण्याआधी जी मालमत्ता मुलाकडे आलेली असते ती दत्तकामुळे काढून घेतली जात नाही. त्याच वर्षीच्या हिंदू अज्ञान (अल्पवयीन) पालकत्व कायद्यानुसार वडिलांनंतर आईच मुलाची नैसर्गिक पालक असते. सावत्र वडील नैसर्गिक पालक ठरत नाहीत, पण आई आहे तोवर त्यावाचून मुलाचे काही अडतही नाही. हिंदू दत्तक कायद्याने दत्तक घेणे तर इथे शक्यच नव्हते, कारण ज्याला स्वतःचा मुलगा हयात आहे त्याला त्या कायद्याखाली आणखी मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, तशी रूढी असल्याशिवाय, दत्तक देता येत नाही. उरला तो बाल न्याय कायदा, २०१५ चा मार्ग. त्यात सावत्र पालकांसाठी तरतूद आहे, मात्र मुलाच्या वयानुसार आणि समजेनुसार त्याची इच्छा विचारात घ्यावीच लागते.

ही माहिती मी दोन्ही घरांना एकाच वेळी, एकाच बैठकीत दिली. नव्या वडिलांनी मग मुलालाच विचारले. तो म्हणाला की आडनाव आहे तेच राहू दे, आणि लगेच पुढे म्हणाला की मी तुम्हाला नाना म्हणेन. त्याच्या वाडीत नात्याने कोणी नसलेल्या पण हक्काच्या वडीलधाऱ्या माणसाला अशीच हाक मारतात. नव्या वडिलांना ती हाक आवडली. तलाठ्याकडे तिघांच्या नावाची वारस नोंद त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाली आणि आईने आपल्या हिश्शाविषयी आजी असेपर्यंत काही न बोलण्याचे काकांना सांगितले. काकांनी तेव्हापासून तिच्या फोनला उत्तर द्यायला सुरुवात केली.

स्थलांतरितांच्या जुळवून घेण्याविषयी कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी चार वाटा सांगितल्या आहेत. नव्या समाजात विरून जाणे, जुन्यालाच धरून अलग राहणे, दोन्हीकडून तुटणे आणि दोन्हीकडे पाय ठेवून उभे राहणे, अशा त्या आहेत. शेवटची वाट बहुधा मानवते असे त्यांच्या कामातून दिसते. पण किशोरवयीन मुलाला ही वाट त्याच्या एकट्याच्या इच्छेने मिळत नाही. जुन्या घराने त्याला जाऊ द्यावे लागते आणि नव्या घराने त्याला परत येऊ द्यावे लागते. या मुलाच्या बाबतीत त्याची कसोटी गणपतीला लागली. तेथील शाळा सुटीनंतर ऑगस्टच्या शेवटी पुन्हा सुरू होतात, आणि २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला तर २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, म्हणजे दोन्ही वर्षी शाळा चालू असताना. बोर्डाच्या परीक्षेसाठी लागणारी पंचाहत्तर टक्के हजेरी सांभाळून दरवर्षी पाच दिवस गावी यायचे असे ठरले, आणि परत जायला तो राजी झाला तो मुख्यतः या कबुलीवर. दोन्ही वर्षी माटवी त्यानेच बांधली. दुसऱ्या वर्षी नव्या घरची दोन्ही मुले त्याच्याबरोबर आली, पडवीत झोपली, आणि रात्री वाडीत घरोघरच्या आरत्यांना त्याच्या मागून फिरली.

सध्याची स्थिती

मे २०२५ मध्ये तो दहावी उत्तीर्ण झाला. गुण मध्यम आहेत, गणितात चांगले. वजन वयाला साजेसे आहे. खाली झोपायची सवय गेली नाही आणि ती जावी असे मला वाटतही नाही. आईशी त्याचे संबंध सुधारले आहेत असे म्हणता येईल. ते जुळले आहेत असे मात्र अजून म्हणता येणार नाही. ती रागावली की तो अजून गप्प होतो, आणि सहाव्या वर्षीच्या त्या जाण्याविषयी दोघे एकमेकांशी एकदाही बोललेले नाहीत. माझ्याशी दोघेही बोलले आहेत. पुढचे काम तिथे आहे आणि ते घाई करून होणार नाही.

अकरावीला त्याने जीवशास्त्र घेतले आहे. बारावीनंतर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात यायचे त्याच्या मनात आहे, तर नानांना वाटते की त्याने वाणिज्य शिकून व्यवसायात यावे. यावरून दोघांत मोठ्या आवाजात वाद होतात असे आईने काळजीने कळवले. मी तिला त्यात मध्ये न पडण्याचा सल्ला दिला आहे. येत्या सुटीत आजीच्या दुसऱ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. तिच्या सोबतीला दवाखान्यात कोण राहणार हे त्याने काकांना आधीच कळवून ठेवले आहे, आणि त्या आठवड्यात आईनेही सुटी काढून यावे असे त्याने प्रथमच स्वतः तिला सांगितले आहे.